मुठीत मावणारी

जनावरांच्या डॉक्टरांकडे शिंपीणबाई मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्याच बाकावर एक नणंद-भावजय होत्या. भावजयीची ओंजळीएवढी कुत्री विताना अडली होती आणि आत तिचं ऑपरेशन चाललं होतं. शिंपीणबाईंचा हात मांजरावर होता, कान मात्र बाकाच्या त्या टोकाला.

"वहिनी, नर तरी केवढा निवडला होतास?"

"मुद्दाम लहानात लहान निवडला, वन्सं. सगळ्यांना मुठीत मावणारं पिल्लू हवं असतं."

"आणि ही केवढी? उंदराने दटावावं एवढी."

"डॉक्टर नकोच म्हणाले होते. मला वाटलं, उगाच भीती घालतात."

"मागच्या खेपेचं ते एक पिल्लू होतं ना, त्याचं काय झालं?"

"त्याची टाळू भरलीच नाही. बोट लावलं की मऊ लागायची. घडीघडीला साखरपाणी चाटवत होते. एकदा माझा डोळा लागला."

"बोलली नाहीस कधी."

"तुम्ही पुन्हा पिल्लं होऊ दिली नसतीत."

"नसतीच दिली."

दार उघडलं. डॉक्टर हात पुसत बाहेर आले.

"या जातीत पिल्लांची डोकी मोठीच असतात, वाट मिळाली नाही. एकही हाती लागलं नाही. आई वाचली. तिची पिशवी काढून टाकली आहे. शुद्धीवर येतेय, भेटा."

"ऊठ, वहिनी."

"तुम्ही जा आधी."

"अगं, ती तुझी वाट बघत असेल."

"म्हणूनच, वन्सं. मला बघितलं की ती शेपूट हलवेल."