बसता न येणारी गाडी

...आणि बसता येत न्हाय हो त्या गाडीत! हातभर लांब, सत्तर वर्सांची म्हातारी, अंगठ्याएवढं इंजिन. त्यात स्पिरिट आन् एरंडेल घालायचं, मैदानात खांब रोवायचा, खांबाला तार, तारंला गाडी, की बोंबलत गोल गोल... जाती कुठं? कुठंच न्हाय. आमचं मालक उद्यमनगरात लेथवर. जयसिंगपूरच्या भंगारात घावली ही त्यास्नी, तवापास्नं वीस वर्सं रविवारी नवरा म्हणून घरात न्हाय. आन् गाडीत बसता येत न्हाय ते न्हायच.

तर तुम्हास्नी सांगते, मालक गेलं. लेथसमोरच, हार्ट अटॅक. परवा रक्षाविसर्जन. पिठलं-भाकरी, चहा, विडी, सगळा आवडीचा निवद मांडला. कावळं पत्र्यावर रांगेत, पर एक खाली यील तर शपथ. तास झाला, पावणं उन्हात. माझा दीर गणपती हात जोडून म्हणतोय, दादा, तुझ्या पोरीचं, साक्षीचं लगीन मी करतो. कावळा हलंना. दादा, घराचा वाटाबी देतो. त्यावर तर कावळ्यानं पाठच फिरवली... त्याला काय माहीत न्हाय व्हय गणपती?

मग सगळी माझ्याकडं बघाय लागली. का, तर मीच बोलून बसलेली, दिवस झालं की गाडी भंगारात. बसता येत न्हाय ती ठिवू कशाला?

सासू, अंबूबाई, माझा हात धरून उभी.

"म्हण की गं. माझा केरबा अडकलाय."

काय करू? गेले पुढं.

"हिकडं बघा. गाडी ठिवते. दर रविवारी फिरवते. जावा आता."

आन् कावळा उतरला की हो. टुणटुण करत निवदापास्नं वितीवर आला... तवर त्यांचा रविवारचा जोडीदार फक्रुद्दीन, डोळं पुसत, पिशवीतनं गाडी काढतोय.

"वैनी, केरबाला शेवटचा आवाज ऐकवतो."

चाकं हवेत धरून केली चालू. पंचगंगेकाठचं झाडून सगळं कावळं उडालं ते पार वडणग्याकडं.

निवद शेवटी गाईला घातला.

मालक सुटलं का अडकलं, कुणाला ठावं. पर चारचौघांत शब्द दिला मी. कावळा माघारी फिरला, मी कशी फिरू? उद्या रविवार. फक्रुद्दीनचा निरोप आलाय, वैनी, जुनी साडी नेसा, एरंडेलाचं डाग जात न्हाईत... जसं काय वीस वर्सं ते डाग दुसऱ्याच कुणी धुतलं.