कुंपणापलीकडची साक्ष

...आणि नियम तरी कसला काढलाय बघा! पोर धोक्यात असेल तर पाळणाघराचा खर्च सरकारचा, पोर हसायला लागली की बंद! मग काय रोज रडून दाखवायचं तिनं? पण मी काय बोलणार, मी आपली कुंपणापलीकडची!

तुम्हाला सांगते, शेजारी नोरीन, वय चौसष्ट, लेक व्यसनापायी परागंदा, तीन वर्षांची नात टिली हिच्या पदरात. नोरीन इस्पितळात चादरी धुवायला जाते, तेवढा वेळ टिली माझ्या घरामागच्या बर्नकडे. बर्न घरातच चार पोरं सांभाळते, परवाना आहे तिचा. आली तेव्हा टिली टेबलाखालून निघेना हो! आता ट्रॅम्पोलिनवर उड्या! मी मुद्दाम बघत नाही हं, कपडे वाळत घालताना दिसतं...

पूर्वी पोर धोक्यात आहे असं बर्ननं लिहून दिलं की भागायचं. आता दर तीन महिन्यांनी बाहेरच्या माणसाची साक्ष हवी! नोरीन म्हणाली, "ग्लेनिस, तुला मेलीला सगळ्यांचं सगळं ठाऊक, तूच सांग."

मंगळवारी सरकारी कचेरीतल्या बाईचा फोन. मधाळ आवाज, "मुलीचं कसं चाललंय?" आता सांगा, आपल्याकडे छप्पर उडालं, कुत्रा मेला, तरी कुणी कसं चाललंय विचारलं की काय म्हणतो आपण? "झकास! काळजी नको!" शिंकेसारखं आलं हो तोंडातून!

"आणि आजी?"

"वाघीण आहे!"

"मदतीला कुणी?"

"मी आहे ना, कुंपणापलीकडेच!"

काय खूश झाली ती! खडाखडा टाइप करत होती...

पत्र आलं. मूल सुरक्षित, शेजाऱ्यांचा भक्कम आधार, सवलत बंद! नोरीन कुंपणाशी आली. म्हटलं, शिव्या घाल मला! तर म्हणते, "असू दे गं, तू खोटं कुठे बोललीस?" हेच लागलं हो! बर्न रडवेली, "फुकट ठेवली तर माझा परवाना जाईल!" पण मी काय बोलणार, मी आपली कुंपणापलीकडची!

आता टिली माझ्याकडे. दिवसभर मागच्या कुंपणाच्या फटीतून बर्नकडच्या पोरांच्या उड्या बघते. काल पुन्हा टेबलाखाली गेली.

नोरीननं फेरतपासणीचा अर्ज केला. आज सकाळी फोन येणार होता, म्हणून तिनं मला कागदावर लिहून दिलं, मोठ्या अक्षरात: 'वाईट चाललंय.' कागद घट्ट धरून बसले. टेबलाखाली टिली. फोन वाजला. तोच मधाळ आवाज, पण बाईनं आधी माझीच विचारपूस केली हो...

"ग्लेनिस, तुम्ही कशा आहात?"

...झकास म्हटलं.