पणजीच्या झग्याचे टाके

शिवणवालीच्या दुकानात तुटक्या बटणाचा कोट घेऊन एक शिक्षिका आपला नंबर यायची वाट बघत होती. पुढे एक आई, तिची लेक आणि टेबलावर मण्यांनी लगडलेला, शंभर वर्षांपूर्वीचा रेशमी झगा.

"हिच्या पणजीचा हा. तिच्यामागं कुणी अंगाला लावला नाही. बहिणीच्या लग्नात हाच घालायचाय म्हणते, पण आजारपणानं पार काडी झालीय हो! जास्तीचं कापड कापूनच टाका."

"हात धजत नाही, ताई. ही आतली भोकं बघा, जुन्या टाक्यांची. पणजीबाईंनीही एकदा आत घेतला होता, नि परत सोडला."

"पणजी पण वाळली होती, मावशी?"

"आणि पुन्हा भरली. भोकं कशाला खोटं बोलतील, बाळा?"

"आई, घरच्या फोटोत पणजीचे केसही कानापर्यंतच आहेत. माझ्यासारखे."

"तिची ती फॅशन होती गं..."

"मग माझीही फॅशनच!"

"मी आपले कच्चे टाके घालते. परत कधी येशील, सैल करायला?"

"केस खांद्यावर आले की."

आईनं लेकीच्या आखूड केसांवरून हात फिरवला. "तेवढी ती समोरची कात्री नजरेआड करा हो."

शिक्षिकेनं पटकन पुढं होऊन आपला कोट कात्रीवर ठेवला.