‘उपयुक्त ग्रंथ’ असं लिहू नका

वानखडेकाकू, प्राचार्य महोदय, आणि सरांच्या डोक्याला माझ्याइतकाच ताप दिलेल्या विद्यार्थ्यांनो,

देऊळगाव राजाहून एस.टी.नं येताना काय बोलायचं ते ठरवलं होतं. इथं वानखडे सरांच्या फोटोसमोर उभी राहिले आणि सगळं विसरले. खरं सांगू? रडायला आले होते. पण मघापासून तुमची भाषणं ऐकून मला रागच आलाय.

सर थोर होते. सर ज्ञानी होते. पुन्हा, सर थोर होते. अहो, काय हे! सरांच्या शोकसभेत असं बोलता?

त्यांचा नियम विसरलात? एम.ए.च्या प्रबंधिकेमागं पुस्तकांची नुसती यादी चालायची नाही. प्रत्येक नावाखाली टिपण हवं. पुस्तक काय म्हणतं, तुम्ही त्यातून काय घेतलं, कुठं पटलं नाही. आणि आपण काय करायचो? दुसऱ्याच्या पुस्तकामागची नावं उतरवायची आणि खाली ठोकून द्यायचं, ‘उपयुक्त ग्रंथ’.

माझंही परत आलं. सर म्हणाले, ‘बाई, उपयुक्त तं फुकणीबी असते. पुस्तकात काय हाय, ते सांगा ना!’

मी वैतागले. म्हटलं, सर, दिवसभर शाळेत शिकवते, घरी लेकरं, त्यात तुमची ही टिपणं!

‘मंग एक पुस्तक कमी करा. वाचलं नाही त्याचं नाव काऊन लिहिता?’

घरीही तेच. काकू मघाशी सांगत होत्या, ‘भाजी चांगली झाली, असं मले कधी म्हणले नाहीत. वांगं कवळं हाय, मीठ कमी पडलं, असं सांगत.’ सांगता सांगता हसल्या, आणि मग पदर डोळ्यांना लावला.

माझं एकच टिपण सरांकडून पास व्हायचं राहिलं होतं. पुन्हा लिहून आज पिशवीत घालून आणलंय. आता कुणाला दाखवू?

आणि सकाळी इथल्या स्टाफरूममध्ये काय ऐकलं? ‘आता टिपणं राहू द्या, कोण तपासत बसणार!’ फोटोला हार, आणि नियमाला सुट्टी? प्राचार्य महोदय, हात जोडते, असं करू नका. तपासायला कुणी नसेल तर आम्ही एकमेकांची तपासू.

आता दोन मिनिटं उभं राहू. पण नुसतं नाही. मनात सरांवर टिपण लिहा. काय सांगत होते, तुम्ही काय घेतलं, कुठं पटलं नाही. ‘थोर’ लिहाल तर परत येईल.

सर, माझं लिहून झालंय. पटलं नाही ते एवढंच, की शेवटचं टिपण न बघता गेलात.

नमस्कार करते. उठा सगळे.