पाचवा ठिपका

(दुबई. एका शूटिंग क्लबची मागची खोली. रिकाम्या काडतुसांत इथे पुन्हा दारू भरतात. दुपार.)

अनुराधा : एकच, अंकल. एकच पुंगळी मागतेय मी. अख्खा डबा नाही मागत.

ॲल्फ्रेड : मॅडम, आधी बसा तरी. टॅक्सी थांबवलीय का खाली?

अनुराधा : सोडली. चारुदत्तला न सांगता आलेय. तो घरी, डिस्कव्हरी गार्डन्सला सामान बांधतोय. उद्याची फ्लाइट आहे, कायमची. पुण्याला जाऊन बसू दोघं एकमेकांची तोंडं बघत.

ॲल्फ्रेड : कायमचे चाललात?

अनुराधा : ईश्वरी गेली, आता इथं काय उरलंय? तिची गाडी जिथं धुक्यात ठोकली, तो एमिरेट्स रोड तेवढा आहे. सकाळी खिडकीत धुकं दिसलं, की मला दरदरून घाम फुटतो. द्या ना हो!

ॲल्फ्रेड : नाही जमणार. रिकामी असली तरी काडतुसाचीच पुंगळी ती. एअरपोर्टवर स्कॅनरमध्ये दिसली की खलास. आमच्या वसईचा रॉयडन, एक पुंगळी की-चेनला अडकवून निघाला होता, बावळट. विमान सुटलं आणि हा पोलिसांसमोर.

अनुराधा : मग इथंच हातात द्या. वास घेते आणि परत देते.

ॲल्फ्रेड : वास?

अनुराधा : रेंजवरून आली की तिच्या हाताला तो जळका वास असायचा. मी ओरडायचे, आधी साबणाने हात धू, मग पोळीला हात लाव. "चिल, आई, आय वॉश्ड!" कुठली धुतेय! आता तिचे कपडे हुंगत बसते, तर नुसता डिटर्जंट. मीच धुतलेले ना सगळे. तुमच्याकडे असेल ना एखादी, तिने शेवटच्या दिवशी उडवलेली?

ॲल्फ्रेड : हा घ्या डबा. सगळ्या तिच्याच आहेत. सगळ्या शेवटच्या दिवसाच्या.

अनुराधा : यांना तर कसलाच वास नाही.

ॲल्फ्रेड : मी धुतल्या, मॅडम. आदल्या संध्याकाळी ती उडवून गेली. सकाळी आल्या आल्या मी मशीनमध्ये घातल्या. फोन आला दुपारी. मला काय ठाऊक? पोरगी येईल, "अंकल, सो शायनी!" म्हणेल, म्हणून जरा जास्तच घासल्या.

अनुराधा : तुम्ही तरी काय करणार. मी तिकडे, तुम्ही इकडे. आपण दोघांनी मिळून धुऊन टाकली तिला.

ॲल्फ्रेड : असं नको बोलू, बाय.

अनुराधा : हे बुडाला काय लावलंय? लाल ठिपके?

ॲल्फ्रेड : पुंगळी एकदा उडवली की एक ठिपका. पुन्हा भरून उडवली की दुसरा. म्हणजे किती वेळा वापरली ते कळतं. बाकीचे मार्कर वापरतात, तो पुसला जातो. हिने नेलपॉलिश आणली. ही बघा, माझ्याच ड्रॉवरमध्ये ठेवायची.

अनुराधा : अगं बाई! ही माझी आहे! हिच्यासाठी घर डोक्यावर घेतलं होतं मी. "प्रॉमिस, आई, आय डोन्ट नो." खोटारडी! कार्टी! कुठे गेलीस गं मला टाकून...

ॲल्फ्रेड : रडा. रडून घ्या. इथं कुणी येत नाही.

अनुराधा : काय करणार तुम्ही या डब्याचं?

ॲल्फ्रेड : तेच सांगायचं होतं. ईश्वरी वापरायची ती रायफल क्लबची होती, ती आता अलिनाला दिलीय. नवीन मुलगी आहे. पुंगळी ज्या रायफलमध्ये उडते, तिच्याच मापाची होऊन जाते. म्हणून क्लबचा साहेब म्हणतो, ह्यापण भरून तिलाच दे. आज येणार आहे ती.

अनुराधा : अजिबात नाही. माझ्या मुलीच्या हातच्या आहेत त्या. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

ॲल्फ्रेड : ऐका तर. ठिपके मोजा.

अनुराधा : चार.

ॲल्फ्रेड : पाच पाहिजेत. शेवटच्या दिवसाचा राहिला. ज्याने उडवली त्यानेच ठिपका लावायचा, असा तिचाच नियम. घाईत होती, उद्या लावते म्हणाली. आणि आमच्याकडे पाच झाले की पुंगळी बाद. पितळ कडक होत जातं, मग पुंगळीच्या मानेला चीर जाते.

अनुराधा : म्हणजे पाचवा लावला की...

ॲल्फ्रेड : भंगारात. वितळवतात. म्हणून तर इतके महिने माझा हात धजला नाही. बाटली काढतो, परत ठेवून देतो. माझी बायको नोरा म्हणते, येडा झालास काय.

अनुराधा : आणि नाही लावला तर?

ॲल्फ्रेड : साहेबाला चारच दिसतील. भर म्हणेल.

अनुराधा : आणि उडवताना चीर गेली तर?

ॲल्फ्रेड : गाल तिथंच टेकलेला असतो, मॅडम. गरम वाफ डोळ्यात जाऊ शकते.

अनुराधा : केवढी आहे ती?

ॲल्फ्रेड : शाळेत आहे अजून. आई घेऊन येते. बाहेर गाडीत बसून असते, एसी लावून.

अनुराधा : मीपण तशीच बसायचे. फोन बघत. ती कधी येतेय याचा कंटाळा करत.

ॲल्फ्रेड : ठाऊक आहे मला.

अनुराधा : आणा ती बाटली.

ॲल्फ्रेड : मी लावतो.

अनुराधा : नको. ती नाही, तर तिच्या आईने लावायचा. डबा धरा तुम्ही.

ॲल्फ्रेड : सावकाश. अलिनाला यायला वेळ आहे.

अनुराधा : हा जरा फिसकटला.

ॲल्फ्रेड : तिचेपण फिसकटायचे.

अनुराधा : ही शेवटची. झाल्या. घेऊन जा आता, माझ्यासमोर नका टाकू.

ॲल्फ्रेड : नाही टाकत. मॅडम, ही बाटली... ही चालते विमानात.

अनुराधा : झाकण घट्ट लावून द्या, अंकल. वाळायला नको.