खुंटीवरची चाबी

इतवारी : मोठ्यानं बोल. इंजिनाच्या आवाजात मले काई ऐकू येत नाई. काय म्हन्ला तो शोरूमवाला?

प्रिया : म्हणाला, एक चाबी हातात आहे तोवर दुसरी करून घ्या. ही पण हरवली तर सगळंच बदलावं लागेल. दारांची कुलपं, आतली कॉम्प्युटरची पेटी, सगळं. मग गाडी विकलेली परवडेल, असं म्हणाला.

इतवारी : पयली हरवली कुठी? मोहाच्या झाडाखाली पडली. अस्वलानं नेली असन.

प्रिया : अस्वलाला गाडी चालवता येते का?

इतवारी : तुले तरी कुठी येते.

प्रिया : बा, समोर बघ. ढोरं आहेत.

इतवारी : ढोरं वळखते मले. बाजूले होते आपोआप. तू कॉलेजात पोरांले शिकवते, गिअर टाकाले काय डिग्री लागते? चार दिवस राह्यली असती तं शिकवलं असतं.

प्रिया : विषय बदलू नकोस. एकच चाबी उरली आहे आणि ती तू पडवीत खुंटीवर लावून ठेवतोस. येणाराजाणारा कोणीही उचलेल.

इतवारी : उचलाव म्हनूनच तं लावतो. कोनाले साप चावला, कोनाचं पोट दुखलं, तं का मले उठवत बसतीन? गावातला विनोद येते, चाबी घेते, कुरखेड्याच्या दवाखान्यात पोचवते, सकारी आनून लावते.

प्रिया : आणि डिझेल?

इतवारी : कोनी भरते. कोनी तांदूर आनून देते. सुगंधाबाईनं तं मागच्या सीटवर कोंबडाच बांधून ठेवला. धुतलं, पुसलं, वास काई जाये ना.

प्रिया : हसू नकोस. जन्मभर वनखात्यात पायी फिरलास. रिटायर झाल्यावर मिळालं ते सगळं या गाडीत घातलंस.

इतवारी : तुझ्या मायले ट्रॅक्टरवर नेलं होतं. तुले याद हाय का नाई? ते काई पोचली नाई.

प्रिया : आहे.

इतवारी : मंग सांग ना. मी कितीदा इचारलं, तू एकदा बी बोलत नाई. गाडी घेतली ते बेस केलं ना वं मी?

प्रिया : थांबव. बसस्टँड आलं. आणि ऐक, मी दुसरी चाबी करून आणेपर्यंत ही खुंटीवर लावायची नाही. जॅकेटच्या आतल्या खिशात ठेव. चेन लावून.

इतवारी : मंगलीचे दिवस भरत आले, बाई. तिले न्याव लागन.

प्रिया : तेव्हा विनोद तुला उठवेल. एकदा उठलास तर काय बिघडतं?

इतवारी : बरं बाप्पा. हे पाय, काढली. हे घातली आत. चेन बी लावली. आता सांग, गाडी कशी चालू करू?

प्रिया : बा, बस लागली आहे. मी जाते.

इतवारी : रविवारी येशीन?

प्रिया : बघते.

इतवारी : पायते म्हन. बघते म्हन्ली का लांबची वाटते.

(काही दिवसांनंतर. इतवारीच्या घराचं अंगण. प्रिया आणि तिचा भाऊ लोकेश. गाडी बंद उभी आहे, इतवारी नाही.)

लोकेश : पाच मिनिटाचं काम हाय, बाई. मी मसनवटीत जातो, जॅकेट उचलतो, चेन उघडतो, चाबी काढतो. जॅकेट जसंच्या तसं ठेवून येतो. बाले काय समजते?

प्रिया : तुला समजेल ना.

लोकेश : तुयाच हातानं गेलं ते. खाट, लोटा, कुऱ्हाड, जॅकेट. खिसा पाहाले पायजे होता.

प्रिया : तेव्हा कोणाच्या डोक्यात खिसा होता? पडवीत चहा पिता पिता गेला माणूस. बायका म्हणाल्या, त्याच्याजवळ ठेवायला त्याच्या अंगावर रोज काय असायचं ते दे. मी ते दिलं.

लोकेश : पन पुरलेलं थोडीच हाय. वरच तं हाय, दगडाखाली. हात घातला का भेटते.

प्रिया : पुरलेलं असतं तर तू असं म्हणाला नसतास. हात पोचतो म्हणून म्हणतोस.

लोकेश : एवढी पुस्तकं वाचली तू. कपाट भरलं, खाटेखाली बी पुस्तकंच. आन आता म्हन्ते का बाले तिकडं चाबी लागन?

प्रिया : लागेल असं मी म्हणतच नाही. मेलेल्या माणसाला काही लागत नाही. पण तिथं ठेवलेली वस्तू आपण परत आणत नाही. तिथून निघताना मागं वळूनसुद्धा पाहत नाही आपण. आणि तू जाऊन बापाचा खिसा चाचपणार?

लोकेश : शोरूमवाल्यानं किती सांगितले, मालूम हाय ना? सत्तेचाळीस हजार. गाडी उचलून चंद्रपूरले न्यायचं भाडं अलग. एका चाबीचे!

प्रिया : मीच बोलले त्याच्याशी. म्हणाला, मॅडम, वडिलांच्या वस्तूंत नीट शोधा ना, पैसे वाचतील. मी म्हटलं, मी तुम्हाला भाव विचारला आहे, सल्ला नाही.

लोकेश : आन फोन ठेवला.

प्रिया : ठेवला.

लोकेश : तुयं बरं हाय. उद्या बापूराव येते, एटापल्लीचा ठेकेदार. सूरजागडच्या खदानीवर साहेब लोकांची ने-आण कराले गाडी पायजे त्याले. चाबीसकट दिली तं बरा भाव देते.

प्रिया : म्हणजे चाबी विकायला पाहिजे तुला.

लोकेश : मंग का करू? मी तिकडं खदानीवर ट्रक चालवतो, तू गडचिरोलीले. इथी कोन हाय? इन्शुरन्स कोन भरन? टायर कोन बदलन? बा होता तवर ठीक होतं.

प्रिया : मंगली आहे, दिवस भरलेली. विनोद कालपासून दोनदा येऊन गेला. काही बोलला नाही. खुंटीकडं पाहिलं आणि गेला.

लोकेश : ॲम्ब्युलन्स येते आता.

प्रिया : आईच्या वेळी पण येणारच होती.

लोकेश : ...हा कोन आला मोटारसायकलवर?

प्रिया : मी बोलावलंय. चाबी बनवणारे आहेत. या जाहिदभाऊ.

जाहिद : सलाम मॅडम. वडस्याहून निघालो, पन गावात तिघांले रस्ता इचाराव लागला. तिघं बी म्हन्ले, इतवारी भाऊची गाडी ना, ते तं आपलीच हाय. मले वाटलं, किती मालक हायत या गाडीले!

प्रिया : सगळं गाव.

जाहिद : चाबी कुठं गेली? नाई, असंच पुछतो. लोकं कुठं कुठं टाकतात. एकाची नदीत गेली, एकाच्या बैलानं गिळली.

प्रिया : आमच्या वडिलांजवळ आहे.

जाहिद : तं त्यांले बोलवा ना, मॅडम. फालतू खर्चा काऊन करता?

लोकेश : ते वारले.

जाहिद : माफ करा, भाऊ. मले मालूम नव्हतं.

लोकेश : चाबी त्याच्या जॅकेटात राह्यली. जॅकेट मसनवटीत हाय. मी म्हन्तो काढून आनतो, हे म्हन्ते नाई. तुमीच सांगा.

जाहिद : मी काय सांगू? आमच्यात सोबत काई ठेवत नाई. पन माया अब्बाची टोपी हाय घरी. मोठ्या भावानं एकदा घातली, तं मी भांडलो. आजवर सांगता येत नाई काऊन भांडलो.

प्रिया : किती घ्याल?

जाहिद : एकबी चाबी नाई, म्हनून काम वाढते. चौदा हजार.

लोकेश : लोखंडाच्या तुकड्याचे चौदा हजार?

जाहिद : लोखंडाचे दोनशे, भाऊ. आत जे बारीक चिप बसते तिचे बाकीचे. ते गाडीले सांगते का मी घरचा मानूस हाय, तवा इंजिन चालू होते. नाई तं तुमी दिवसभर चाबी फिरवा.

प्रिया : कुलपं बदलावी लागतील का?

जाहिद : शोरूमवाले बदलतात. मी याच कुलपात बसन अशी बनवतो.

प्रिया : म्हणजे जुनी चाबी पण या गाडीला लागत राहील?

जाहिद : दार उघडन. पन इंजिनाचं अलग हाय. जुनीचं नाव मी गाडीतून काढून टाकतो. ते मंग बेकार. सगळे तसंच कराले सांगतात.

प्रिया : काढू नका.

जाहिद : दोन्ही ठेवता येतात, मॅडम. पन उद्या कोनाले सापडली तं?

लोकेश : बाई, येडी झाली काय? चालू चाबी जंगलात पडून राह्यल. कोनी येईन, घेऊन जाईन गाडी.

प्रिया : या गावात तिथं हात लावणारा कोणी नाही. एकच होता, तो हा इथं उभा आहे.

लोकेश : माया बी बाप होता तो.

प्रिया : माहीत आहे. तुला यायला उशीर झाला, तुला तोंडही नीट पाहता आलं नाही, हेही माहीत आहे. म्हणूनच सांगते. चाबी आणशील, बापूरावाला देशील, पैसे येतील. पण मग ट्रक चालू करताना रोज चाबी हातात घेशील ना? तेव्हा काय आठवेल? जाहिदभाऊ, करा सुरू. बाची चाबी आहे तशी राहू द्या. ही त्याच्या सोबतची दुसरी.

लोकेश : आन बापूरावले का सांगू?

प्रिया : सांग, येऊ नको. गाडी आता दोघांची आहे. माझी अर्धी मी विकत नाही.

लोकेश : अर्धी गाडी मी कशी विकू?

प्रिया : तेच तर. कशी विकशील?

लोकेश : ...पेपरासारखं बोलते अन वकिलासारखं अडवते. टायर कोन बदलन, ते सांग.

प्रिया : इन्शुरन्स मी भरते. टायर तू बदल. ट्रकवाला आहेस ना.

लोकेश : गावाले गाडी फुकट, आन टायर माये.

प्रिया : तुला सुगंधाबाई कोंबडा देईल. मागच्या सीटवर बांधून.

लोकेश : बानं तुले बी सांगितलं ते?

प्रिया : शेवटच्या भेटीत सांगितलं.

जाहिद : मॅडम, झालं. बसा, चालू करून पाहा.

लोकेश : तिले येत नाई. थांबा, मी बसतो.

प्रिया : सरक. चालवता येत नाही. चालू कशी करतात ते बाच्या बाजूला बसून कितीदा पाहिलंय.

जाहिद : डावा पाय दाबा. पूरा दाबा. हां, आता फिरवा.

प्रिया : लागली.

जाहिद : बोललो होतो ना. वळखलं तिनं.

लोकेश : बा थोडी रेस द्यायचा. दोनदा. मंग निघायचा. दे ना दोनदा.

प्रिया : अशी?

लोकेश : हां, अशी. ...बस. बंद कर, बाई. बंद कर आता.

प्रिया : केली. रडायचं असेल तर रड, जाहिदभाऊ काही म्हणणार नाहीत.

जाहिद : मी सामान बांधून राह्यलो. मी कोनाकडं पाहातच नाई.

लोकेश : दे चाबी इकडं. खिशात ठेवतो.

प्रिया : खिशात नाही. खुंटीवर लाव.

लोकेश : बानं तं खिशात ठेवली होती.

प्रिया : मी सांगितलं म्हणून. माझ्यापुढं काढली, माझ्यापुढं आत घातली, चेन लावून दाखवली. तो खुंटीवरच लावायचा, आणि तो म्हणत होता तेच खरं होतं. लाव. विनोदला सांग, चाबी जागेवर आहे. कोणाला उठवत बसू नको म्हणावं.

लोकेश : लावली. ...काय पुटपुटून राह्यली, बाई?

प्रिया : बाला सांगते. त्यानं कितीदा विचारलं होतं, मी एकदाही बोलले नाही.

लोकेश : मंग मोठ्यानं सांग ना. त्याले कमी ऐकू ये.

प्रिया : बा, गाडी घेतली ते बेस केलं तू.