फायनलची मुहूर्तमेढ

मंडळी, ऐका! आधी एक सांगा – लग्न कोणाचं असतं? नवऱ्याचं, की मांडवाचं?

नवऱ्याचं! वा! सगळे एका सुरात! मग मला सांगा, पाहुण्यांत नवऱ्याला धक्के देत पुढं पुढं कोण करत असतं? हसू नका मावशी, तुमच्याच घराकडं वळणार आहे मी! कार्य मोठं, की कार्याचा थाट मोठा – या प्रश्नाचं उत्तर एका गावानं दिलं. कसं दिलं, ते ऐका!

धामणपूर आणि रायपेठ. दोन गावं, मध्ये एक ओढा. दोन्ही गावांना फुटबॉलचं वेड! आणि त्या साली नवल काय झालं? जिल्ह्याच्या कपाची फायनल – धामणपूर विरुद्ध रायपेठ! आता सामना खेळायचा कुठं? धामणपूर म्हणतं आमच्या मैदानात, रायपेठ म्हणतं आमच्या!

मैदानं बघायला कपाच्या समितीचे खर्डेकरसाहेब आले. रायपेठेच्या नगराध्यक्षा मगदूम काकी. त्यांनी साहेबांना काय दिलं? तांबडा रस्सा, पांढरा रस्सा. साहेब तृप्त! मग ओढा ओलांडून धामणपुरात. तिथले नगराध्यक्ष तात्यासाहेब इंगवले. त्यांनी काय दिलं? तोच तांबडा, तोच पांढरा – पण वाजंत्री लावून! प्रत्येक वाटीला सनई! साहेबांना भुरका मारायची लाज वाटायला लागली, मंडळी!

मैदान कुणी बघितलं? कुणीच नाही! साहेब ढेकर देऊन म्हणाले, "फायनल धामणपूरला! पण नियम ऐका, तात्यासाहेब. पाच वाजता शिट्टी. त्या वेळी मैदान मोकळं नसेल, तर यजमान संघ बाद. कप समोरच्याला!"

"मोकळं? अहो, आरशासारखं ठेवतो!" – तात्या!

धामणपूरचा कप्तान होता रणधीर सासने. सात वर्षं खेळत होता. गुडघा दुखावलेला. डॉक्टर म्हणाले होते, ही शेवटची फायनल समज. त्याला काय पाहिजे होतं? शाल? फेटा? नाही हो! एक चेंडू, एक मैदान, आणि तो कप!

पण तात्यांना पाहिजे होतं उद्घाटन. आणि उद्घाटनाला मांडव! मांडव कुठं? कडेला घातला तर समोरच्या बाजूच्या मतदारांना तात्या मुंगीएवढे दिसणार! मग ठरलं – मांडव मैदानाच्या बरोब्बर मध्यावर! भाषणं झाली की काढायचा. सोपं!

सोपं? अहो, आपली माणसं साधा मांडव घालतात होय? भटजी आले. खड्डा खणला. हळद-कुंकू, आंब्याची डहाळी, सुपारी – मुहूर्तमेढ रोवली! जिथं चेंडू ठेवून सामना सुरू करतात, नेमकी तिथं!

दिवस उजाडला. सत्कार सुरू! साहेबांचा सत्कार, पंचांचा सत्कार, चेंडूचा सत्कार! हो, चेंडूला हार घातला! पोरं बूट घालून उन्हात उभी. साडेचार वाजले, तेव्हा कुठं मांडव उतरला. कापड निघालं, बांबू निघाले. राहिली एकटी मेढ.

रणधीर धावला. "तात्या, उपटू का?"

"हात लावशील तर याद राख! कार्य पार पडेपर्यंत मेढ हलत नसते. अपशकुन होतो! निवडणुकीचं वर्ष आहे लेका!"

"कुठलं कार्य?"

"कुठलं म्हणजे? फायनल!"

"अहो, मग फायनल खेळायची कधी?"

"मेढ निघाल्यावर!"

"आणि मेढ निघायची कधी?"

"फायनल झाल्यावर!"

पेटीवाले, सूर धरा जरा! माझंच डोकं गरगरायला लागलं!

रणधीरनं भटजींकडं बघितलं. भटजींनी आभाळाकडं बघितलं. रणधीरनं मेढ धरली, तर तात्यांनी वरून मिठी मारली! फेटा सुटला, त्याचा सोगा कपाळावर, पण मिठी सुटेना!

काकी कडेनं ओरडल्या, "तात्या, नवरी मिळाली म्हणायची!"

पाच वाजले. शिट्टी! साहेब म्हणाले, "मैदान मोकळं नाही. यजमान बाद. कप रायपेठेचा!"

रणधीर खाली बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. आणि तात्या? तात्यांनी मिठी सोडली, घाम पुसला, आणि मोठ्यानं म्हणाले –

"झालं ना कार्य? आता उपटा!"

मेढ निघाली! मैदान मोकळं! काकींनी कप गाडीत ठेवला, दार लावलं, आणि आपल्या पोरांना म्हणाल्या, "न खेळता जिंकलेला कप गावात मिरवू कसा रे? खेळा!" नाडी परत बांधली गेली. सामना झाला. रणधीरनं दोन गोल मारले, रायपेठेनं एक. सामना धामणपूरनं जिंकला, आणि कप ओढा ओलांडून गेला! नियम तो नियम. कप तेवढा कुणी परत दिला नाही, आणि रणधीर पुन्हा कधी खेळला नाही.

हसलात? भरपूर हसलात! आता जरा माझ्याकडं बघा. मघाशी मी दर्शनाला गाभाऱ्यापाशी गेलो. पांडुरंग दिसेना! का? समोर तुमच्या मंडळाचा फलक! वर अध्यक्षांचा फोटो, खाली उपाध्यक्ष, कोपऱ्यात खजिनदार हात जोडून. कुणाला हात जोडलेत हो? देव तर पाठीमागं!

आरतीचं ताट तयार आहे. कापूर लावलेला नाही. टाळकरी, टाळ खाली ठेवा. अध्यक्षमहाराज, बघताय काय? तुम्ही फलकाची एक दोरी सोडा, मी दुसरी सोडतो. चला, उठा!